क्लॅरिनेट : नादाची घराणी

क्लॅरिनेट हे एकेरी पत्तीचे (रीडचे), दंडगोल नळीचे, फुंकून वाजवायचे सुषिर वाद्य. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने ते १७०० च्या सुमारास घडवले. पुढे देशोदेशी त्याची जी वळणे पडली त्यांना घराणी म्हणणेच योग्य. शिष्याला बोटांच्या तंत्राबरोबर नादाची कल्पनाही मिळते.

फाटा चाव्यांवरून, म्हणजे नळीची भोके उघडझाप करणाऱ्या कळांवरून, फुटला. १८३९ मध्ये पॅरिसला वादक क्लोझे आणि वाद्यकार ब्युफे यांनी जर्मन बासरीकार ब्योमची, बासरीच्या भोकांभोवती बसवलेल्या कड्यांची योजना क्लॅरिनेटवर आणली. जर्मनीने ती घेतली नाही. तेथे म्युलरच्या तेरा चाव्यांच्या वाद्यातून बेरमानची आणि नंतर बर्लिनच्या ओलरची पद्धत वाढली.

मात्र नाद बराचसा पत्ती आणि माउथपीस यांच्या जोडीत ठरतो. जर्मन पत्ती अरुंद आणि कडक; टोकाशी फट बारीक, पण पत्ती हलायला माउथपीसचा उतार लांब. ती दोऱ्याचे वेढे घालून बांधतात. फ्रेंच वादक बहुधा दोन स्क्रूंची धातूची पट्टी आवळतो. त्याचा स्वर उजळ आणि चपळ, तर जर्मन स्वर गडद, गोल, शेजारच्या वाद्यांत मुरणारा. संगीतकार ब्राम्सचे १८९१ चे पंचक (क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांची रचना) वादक म्युलफेल्टच्या बेरमान पद्धतीच्या वाद्यासाठी लिहिलेले आहे. आधी व्हायोलिने सुरू होतात आणि पाचव्या बारमध्ये (मात्रांच्या गटात) क्लॅरिनेट हळूच वर चढते. गडद नादात ऐकावे, ते तारांतूनच उगवल्यासारखे वाटते.

एका देशात एकच नाद असतो असेही नाही. इंग्लंडमध्ये बूझी अँड हॉक्स कंपनीच्या '१०१०' या क्लॅरिनेटची नळी आतून सुमारे १५.२ मिमी, फ्रेंच नळीपेक्षा रुंद. आवाज मोकळा आणि भरदार. तिथेच क्लॅरिनेटवादक रेजिनाल्ड केलने ओबोवादक लिऑन गूसन्सच्या प्रभावाने स्वराला कंप दिला, तर फ्रेडरिक थर्स्टन स्वर सरळ ठेवी. संचालक काराजानने १९८२ मध्ये क्लॅरिनेटवादक झाबिने मायरला बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात आणले, तेव्हा वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी तिला नाकारले. तिचा नाद क्लॅरिनेटच्या विभागात मिसळत नाही, हे सांगितलेले कारण. ती जर्मन, वाद्यही जर्मन पद्धतीचे! तिचे स्त्री असणे हेच खरे कारण होते, असे काराजानसह अनेकांना वाटे.

बर्लिन आणि व्हिएन्नाचे वाद्यवृंद आजही आपापली वाद्ये जपतात. व्हिएन्नाची नळी जर्मन नळीपेक्षा रुंद. तुर्कस्तानात मात्र मिसळण्याची अपेक्षाच नाही. तिथले लांब, 'जी' स्वरातले क्लॅरिनेट गायकासारखे मींड घेत एका सुरातून दुसऱ्या सुरात सरकते, आणि दोन सुरांमधल्या जागाही स्पष्ट ऐकू येतात.