पंखा फिरला, पंखांचं काय?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी माझ्यापुढे मोबाईल धरतं. व्हिडिओची जातकुळी एकच. परदेशातलं जुनं लष्करी विमान, भोवती पांढऱ्या केसांचे स्वयंसेवक, भसकन निळा धूर, पंखा फिरतो आणि टाळ्या. खाली कुणीतरी मराठीत लिहिलेलं असतं, ‘अखेर पुन्हा उडालं!’ उडालेलं नसतं हो. जागेवर उभं राहून गुरगुरलेलं असतं. मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे इंजिन सोडून विमानाचं धड आणि पंख दुरुस्त करणारा. इंजिनवाल्यांशी आमच्या ट्रेडचं जुनं भांडण आहे, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं गृहीत धरा.

चौथऱ्यावरचं विमान सगळ्यांच्या ओळखीचं, त्यावर फार बोलत नाही. मिरजेहून आणून दिवाणखान्यात टांगलेली सतार जशी, तसं ते. तारा असतात, पण सुरात कुणी लावत नाही. खांबावर चढवताना बहुतेक वेळा विमानाचा सांगाडा कापून, भोकं पाडून, वेल्डिंग करून ठेवलेला असतो. सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांच्या कट्ट्यावर कधीमधी ‘पोरं जमवू आणि हेच सुरू करू’ अशी हौस निघते. निघू द्या.

खरा घोळ होतो तो चालतं विमान आणि उडतं विमान यांच्यात. चालतं म्हणजे स्वतःच्या इंजिनावर धावपट्टीवरून फिरणारं. ते आवाज करतं, धूर सोडतं, वेग घेतं, शेपूटही उचलतं. बघणाऱ्याला वाटतं, राहिलं काय आता? थोडा जोर लावला की गेलं वर.

थोडा जोर लावून एक गेलंही होतं. 3 मे 2009 रोजी इंग्लंडमध्ये ब्रंटिंगथॉर्पला व्हिक्टर जातीचं एक्सएम 715 हे जुनं बॉम्बफेकी विमान लोकांसमोर वेगात धावत होतं. ते 1993 नंतर उडालेलं नव्हतं, उडवायचंही नव्हतं. इंजिनाचा जोर वेळेवर कमी झाला नाही आणि विमान जमीन सोडून काही सेकंद हवेत राहिलं. माणसं सुखरूप राहिली, विमान धावपट्टीशेजारच्या गवतात उतरलं. आता सांगा, ते ‘उडतं विमान’ झालं का? ज्यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं होतं त्यांची त्या काही सेकंदांत काय अवस्था झाली असेल, ते मला विचारू नका.

आपल्याकडे हा घोळ गाडीमुळे झालाय. 2019 च्या पुरात सांगलीत आमच्या पुतण्याची बुलेट तीन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर पठ्ठ्यानं टाकी धुतली, ऑइल तीनदा बदललं, प्लग सुकवला आणि अकराव्या किकला गाडी सुरू झाली. घरात पेढे. ‘काका, बरी झाली!’ चार महिन्यांनी अंकली पुलाच्या अलीकडे पुढचं चाक जाम झालं. गुडघे सोलवटले, एवढ्यावर भागलं. बेअरिंगमधलं ग्रीस पाणी मिसळून ताकासारखं झालं होतं. सुरू झाली ती गाडी नव्हती, सुरू झालं होतं इंजिन.

गाडी उचलून कुपवाड एमआयडीसीत एका मित्राच्या शेडवर नेली. म्हटलं, आलोच आहोत तर चासीही बघू. मानेजवळच्या वेल्डवरचा रंग काढला, जागा लखलखीत पुसली, तड्यात झिरपणारी लाल डाय मारली, पंधरा मिनिटं चहात घालवली. मग डाय पुसून टाकली आणि आत मुरलेली डाय वर ओढून घेणारा पांढरा डेव्हलपर फवारला. पुतण्या म्हणाला, ‘यात काय दिसणार?’ मिनिटभरानं पांढऱ्यावर कुंकवाची काडी ओढावी तशी केसाएवढी लाल रेघ उमटली. तडा. आदल्याच रविवारी याच गाडीवर तो घरातल्यांना घेऊन नरसोबाच्या वाडीला जाऊन आला होता.

विमानात हीच रेघ पंखांच्या मुळाशी, स्पारवर शोधायची असते. स्पार म्हणजे पंखाच्या पोटातून जाणारी तुळई, अख्खं वजन तिच्यावर. जमिनीवर चालताना विमानाचं ओझं चाकांवर असतं, पंख बापडे नुसते सोबत येतात. चाकं सुटली की तेच ओझं पंखांवर येतं आणि वळणात ते दुप्पट-तिप्पट होतं. म्हणून चालत्या विमानाचा स्पार सत्तर-ऐंशी वर्षांचा असला तरी कुणाचं काही अडत नाही, पण उडायचं तर बोल्टच्या प्रत्येक भोकात डोकवावं लागतं. डाय, एक्स-रे, विजेच्या प्रवाहानं तडा शोधणारी एडी करंट तपासणी, सगळं. त्यात गंज धातूच्या दोन पत्र्यांच्या मधे बसतो, वरून रंग झकास. पत्रे सोडवायचे तर ते जोडणारे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळी, काढा, नवे ठोका. त्यातले काही रिव्हेट उष्णता देऊन मऊ केलेले असतात. ते थंडीत ठेवावे लागतात, नाहीतर ठोकण्याआधीच कडक होतात. आमच्या शॉपमधल्या फ्रीजरात आइस्क्रीम शोधणारा नवा पोरगा हमखास फसायचा.

आणि स्पार धडधाकट निघाला तरी संपत नाही. कागद लागतो. इथे आपल्या लोकांना सातबाऱ्याचीच भाषा कळेल. जमीन तुमच्या ताब्यात आहे, ऊस उभा आहे, गावाला माहीत आहे जमीन तुमचीच. पण सातबारा नसेल तर बँक दारात उभी करत नाही. विमानाच्या सुट्या भागाचं तसंच. तो कुणी बनवला, कुठल्या धातूचा, किती तास वापरला, कुणी तपासला, सगळ्याची नोंद हवी. प्रत्येक दुरुस्तीचा फेरफार हवा. कोऱ्या डब्यात मिळालेला, दिसायला नवाकोरा बोल्ट कागदाशिवाय असेल तर चालत्या विमानाला चालेल, उडत्याला नाही. स्वयंसेवक घासतील, सोडवतील, जोडतील. खाली सही करणारा माणूस मात्र तसा अधिकार असलेलाच लागतो.

कागदाची ताकद बघायची असेल तर व्हल्कन एक्सएच 558 हे ब्रिटनचं जुनं बॉम्बफेकी विमान बघा. 2007 मध्ये ते पुन्हा आकाशात गेलं, लोकवर्गणीवर आठ वर्षं उडलं आणि 2015 च्या ऑक्टोबरात शेवटचं उतरलं. मोडलं नव्हतं. ज्या कंपन्या त्याची तांत्रिक जबाबदारी घेत होत्या त्यांनी हात काढून घेतला, एवढंच. त्यानंतरही ते इंजिनं लावून धावपट्टीवर फिरलं. तेच विमान, तीच इंजिनं, पण उडत्याचं चालतं झालं.

उलट दिशेचा प्रवास लँकेस्टर एनएक्स 611 या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचा आहे, आणि मला सगळ्यांत जवळचं तेच. आधी ते इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टनच्या हवाई तळाच्या दारात उभं होतं. पँटन बंधूंनी ते 1983 मध्ये विकत घेतलं. त्यांचा थोरला भाऊ 1944 मध्ये जर्मनीतल्या न्युरेंबर्गवर बॉम्ब टाकायला गेलेल्या ब्रिटिश विमानात होता, त्या हल्ल्यात गेला, त्याची आठवण म्हणून. 1990 च्या दशकात चारही मर्लिन इंजिनं सुरू झाली. तेव्हापासून इंग्लंडमध्येच ईस्ट कर्कबीला ते लोकांसमोर धावतंय. उन्हाळ्यात धावायचं, हिवाळ्यात एकेक भाग सोडवून उडण्यालायक करत जायचा. मी हे लिहितोय तोवर ते उडालेलं नाही. इंजिन लागण्यापासून उडण्यापर्यंतचं अंतर विचाराल तर हे एवढं! जगात उडती लँकेस्टर दोनच आहेत, एक ब्रिटनमध्ये, एक कॅनडात.

‘डॉक’ नावाचं बी-29 हे त्याच युद्धाच्या काळातलं अमेरिकी बॉम्बफेकी विमान तर 1987 मध्ये अमेरिकेतल्या वाळवंटात सापडलं. तिथल्याच विचिटा शहरातल्या स्वयंसेवकांनी, त्यांत विमान कारखान्यातले निवृत्त कामगार बरेच, 2000 पासून त्याच्यावर काम केलं. उडालं 17 जुलै 2016 ला. त्याच्याही इंजिनाचे व्हिडिओ आधी आले होते, आणि तेव्हाही मला ‘उडालं’ म्हणून दाखवले गेले.

जाता जाता आपल्याकडचं. वायुसेनेचं ‘परशुराम’ नावाचं जुनं डाकोटा मालवाहू विमान 2018 मध्ये ब्रिटनहून उडत भारतात आलं. ते खरंखुरं उडतं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘1947 ला काश्मीरच्या लढाईत सैनिक घेऊन श्रीनगरला उतरलेलं तेच हे’ असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. व्हीपी 905 हा त्या विमानाचा क्रमांक मानानं याच्या अंगावर लिहिलाय. विमान दुसरं आहे. आणि अशा विमानाचा पंखा सुरू करण्याआधी माणसं हातानं फिरवतात, ती विमान हातानं सुरू करत नसतात. गोल मांडणीच्या इंजिनात खालच्या सिलिंडरात ऑइल साचतं, ते अडकलंय का हे बघायचं असतं.

पुढचा व्हिडिओ आला की आवाज बंद करा. पंख्याकडे बघू नका, पंख जिथे धडाला भिडतो तिथे बघा. तिथली झाकणं उघडी आहेत, कुणीतरी बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन पालथं पडलंय, शेजारी दुसरा वहीत लिहितोय असं दिसलं, तर तो व्हिडिओ मला जरूर पाठवा.