यमू खरं बोलत होती

ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात, कुणाच्या मोबाईलवर तर कुणाच्या मांडीवरच्या पुस्तकात, हल्ली काळोख्या रहस्यकादंबऱ्या दिसतात. त्यांतल्या बायका दारू पितात, खोटं बोलतात, सूड उगवतात, आणि वाचणारीला पुस्तक खाली ठेववत नाही. ही गोडी वेब सिरीजने लावली असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. तिचा माग काढायचा तर शंभर-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

1890 साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. तिची नायिका यमू स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. सासरचा जाच, वैधव्य, बळजबरीचं केशवपन: तिच्या एका शब्दावरही आपण शंका घेत नाही. बाईच्या तोंडून तिची गोष्ट ऐकायची सवय मराठी वाचकाला अशी लागली, पण ही बाई सोसणारी होती. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं ते याच काळात, 1893 मध्ये.

इंग्लंडमध्ये वारं निराळं होतं. मेरी एलिझाबेथ ब्रॅडनच्या 1862 च्या कादंबरीतली लेडी ऑडली सोनेरी केसांची, बाहुलीसारखी गोड, आणि आधीच्या नवऱ्याला विहिरीत ढकलणारी. घर सांभाळणारी बाईच घातकी निघते, या धक्क्यावर ते पुस्तक तुफान खपलं. 1938 च्या ‘रेबेका’त डॅफ्ने द्यू मोरिए याहून खोल गेली. नवरा पहिल्या बायकोच्या खुनाची कबुली देतो, आणि निवेदिकेच्या मनात काय येतं? त्याचं पहिलीवर प्रेम नव्हतं, याचा आनंद! खून बाजूलाच राहतो. आणि तोवर आपण त्या भित्र्या पोरीच्या इतके बाजूने झालेलो असतो की तिच्याबरोबर आपणही सुटकेचा श्वास टाकतो. वाचकाला असं सामील करून घेणं हीच या प्रकाराची खरी ताकद आहे, असं मला वाटतं.

मराठीत रहस्यकथेचं राज्य बाबुराव अर्नाळकरांचं. हजाराहून अधिक पुस्तकं, काळापहाड, झुंजार, धनंजय असे नायक; वाचनालयाची वर्गणी भरून आणायची, रात्रीत संपवून सकाळी परत करायची. या रहस्यकथांत बाई एकतर सोडवून आणायची, नाहीतर जाळ्यात ओढणारी. गुंतागुंतीच्या बायका दुसरीकडे होत्या. 1933 मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, शिकलेल्या अविवाहित मुलींच्या इच्छा उघड मांडल्या गेल्या आणि गदारोळ झाला. विभावरी शिरूरकर म्हणजे नक्की कोण, याचाच शोध सुरू झाला. ते नाव मालतीबाई बेडेकरांनी घेतलेलं होतं. बाईच्या मनातलं खरं लिहायला टोपणनाव लागावं, हे फार बोलकं आहे.

हे दोन प्रवाह मराठीत वेगळेच वाहिले. ठाणे-नवी मुंबईच्या वाचकाला ते एकत्र भेटले ते इंग्रजी कादंबऱ्यांतून. गिलियन फ्लिनची ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ 2006 ची, ‘गॉन गर्ल’ 2012 ची. ‘गॉन गर्ल’मधल्या बेपत्ता बायकोच्या, एमीच्या, डायरीवर किती विसंबावं, हे इथे फोडत नाही. पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ 2015 मध्ये आली, आणि ती तर आपल्याच गाडीतली वाटावी. नोकरी गेलेली रेचेल घरमालकिणीला कळू नये म्हणून रोज लंडनची गाडी पकडते आणि खिडकीतून दिसणाऱ्या जोडप्याचा संसार मनात रचते. दारूमुळे तिची आठवण फाटलेली, त्यामुळे साक्षीदारही तीच आणि संशयितही तीच. ठाणे-मुलुंडच्या मध्ये गाडी थांबली की रुळांलगतच्या स्वयंपाकघरात कुणीतरी फोडणी देताना दिसतं, गॅलरीत चादर झटकताना दिसतं. रोज त्याच खिडकीतून तेच घर बघणाऱ्या बाईला रेचेल समजावून सांगावी लागत नाही.

आता मला हीच बाई मराठीत हवी आहे, अनुवादातून आलेली नव्हे. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये किंवा वाशीच्या सिडको कॉलनीत राहणारी, यमूसारखीच ‘मी’ म्हणून बोलणारी, आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत आपल्याला बेमालूम फसवणारी.