रेनोची शर्यत आणि शेपटावरची एक पट्टी

१६ सप्टेंबर २०११. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रेनोच्या हवाई शर्यतीत 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं पी-५१ मस्टँग जातीचं लढाऊ विमान प्रेक्षकांच्या खुर्च्यांपाशी कोसळलं. वैमानिक जिमी लीवर्ड आणि १० प्रेक्षक गेले, साठाहून जास्त जखमी झाले. लीवर्ड ७४ वर्षांचे, विमान दुसऱ्या महायुद्धातलं. साहजिकच चर्चा म्हातारपणाची झाली. खरं तर सांगाडा सोडला तर त्या विमानात जुनं फारसं उरलंच नव्हतं.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारने हजारो लढाऊ विमानं जवळजवळ भंगाराच्या भावात काढली. हौशी वैमानिकांनी ती घेतली आणि १९४६ पासून ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या शर्यतीत उतरवली. तिथूनच काटछाट सुरू झाली. 'बेगीन' नावाच्या मस्टँगच्या पोटाखालचे रेडिएटर काढून पंखांच्या टोकांना बसवले होते. १९४९ मध्ये बिल ओडम ते उडवत असताना बेरिया गावातल्या एका घरावर पडलं. ओडमसह घरातली आई आणि तिचं तान्हं मूल दगावलं. क्लीव्हलँडच्या शर्यती बंद पडल्या.

१९६४ मध्ये बिल स्टेड या पशुपालकाने हवाई शर्यती रेनोजवळ पुन्हा सुरू केल्या. दोन वर्षांनी शर्यत ज्या धावपट्टीवर गेली तिला त्याच्या भावाचं नाव होतं. तो भाऊ १९४९ मध्ये मस्टँगच्याच अपघातात गेला होता. त्याच १९६६ साली बिल स्टेडही शर्यतीचं एक छोटं विमान उडवताना गेला.

युद्धातलं मस्टँग ताशी ७०० किलोमीटर गाठायचं, तेही उंचावरच्या विरळ हवेत. रेनोत तीच जात जमिनीलगत, खांबांना वळसे घालत, ८०० च्या पुढे जाऊ लागली. इंजिनाची ताकद जवळपास दुप्पट केली, पंख छाटले, वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण लहान केलं. वेग वाढला की हवेचा भार त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कारखान्यात असा एक बदल करायचा तर महिनोन्महिने चाचण्या होतात. इथे शर्यत हीच चाचणी. १९९९ मध्ये मस्टँगच्या धडाला लिअरजेटचे पंख लावून बनवलेलं एक विमान शर्यतीतच हवेत तुटलं, वैमानिक वाचला नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो. बॉब हॅना यांच्या मस्टँगची ट्रिम टॅब, म्हणजे एलिव्हेटरच्या (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटावरच्या हलत्या भागाच्या) मागच्या कडेची छोटी पट्टी, भर वेगात तुटली. त्या वेगाला मस्टँगचं नाक वर उठू पाहतं आणि ही पट्टी त्याला दाबून धरते. पट्टी जाताच विमान सरळ आभाळाकडे उसळलं आणि हॅना बेशुद्ध झाले. हजारो फुटांवर शुद्ध आली, सुखरूप उतरले. किस्सा म्हणून तो पुढे खूप रंगला.

'गॅलपिंग घोस्ट'चंही हेच झालं, फक्त शुद्ध आली नाही. हे विमान क्लीव्हलँडच्या काळातही याच नावाने पळालेलं. आता त्याचे पंख ३७ फुटांवरून २९ वर आणले होते, रेडिएटर काढून पाणी उकळवून इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बसवली होती. उजवी ट्रिम टॅब जागीच पक्की केल्याने सगळा भार डावीवर. तपासात आढळलं की तिथले नट जुनेच पुन्हा वापरलेले होते, पकड गेलेले. स्क्रू सैल झाले, पट्टी फडफडू लागली आणि तुटली. क्षणभरात १७ जी, गुरुत्वाकर्षणाच्या सतरा पट भार. म्हणजे ७० किलोच्या माणसाचं वजन बाराशे किलोच्या घरात! वैमानिकाच्या हातात काही उरलंच नसेल.

पुढे विम्याचा हप्ता भरमसाट वाढला, नियम कडक झाले. तरी २०२३ च्या शर्यतीच्या अखेरच्या दिवशी दोन टी-६ विमानं शर्यत संपवून उतरताना एकमेकांवर आदळली आणि दोन्ही वैमानिक गेले. टी-६ म्हणजे आपल्याकडचं हार्वर्ड, ज्यावर भारतीय हवाई दलाच्या कित्येक पिढ्या उडायला शिकल्या.

रेनोतली ती शेवटची शर्यत, हे मात्र आधीच ठरलं होतं. विमानतळाच्या आसपास वस्ती वाढत चालली होती. बेरियातल्या त्या घरावर विमान पडल्याला तेव्हा ७४ वर्षं झाली होती.