ताप मेंदूत गेला की झटका आला?

लालबागच्या आमच्या चाळीत मावशी तीन दिवस तापाने पडून होती. चौथ्या दिवशी सकाळी गाळणीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ती छत्री दे." पुन्हा विचारलं, तरी छत्रीच. शेजारच्या काकू म्हणाल्या, ताप मेंदूत गेला. मावसभाऊ म्हणाला, पॅरालिसिसचा झटका आहे. रुग्णालयात सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि आमचा गोंधळ आणखी वाढला. पहिल्या काही तासांत सीटी दोन्ही आजारांत नॉर्मल दिसू शकतो. त्यातून मुख्यतः रक्तस्राव नाही ना, एवढं कळतं.

विषाणूजन्य मेंदूज्वर आणि पक्षाघात, दोन्हींत मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडतात, पण बिघाडाची तऱ्हा निराळी. चाळीतल्या पाण्यावरून हे मला नीट समजलं. वेळ झाली की पालिकेचा चावीवाला येतो, वॉल्व्ह फिरवतो आणि आपल्या गल्लीत पाणी सुटतं. मेंदूचेही असे चावीवाले आहेत. जो भाग कामाला लागतो, तिथल्या बारीक वाहिन्या एक-दोन सेकंदांत रुंदावतात. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू जवळपास 20 टक्के खातो. साठा मात्र करत नाही, त्यामुळे हा पुरवठा क्षणभरही चुकून चालत नाही.

पक्षाघाताचा नेहमीचा प्रकार सोपा आहे. गुठळीने पाइप तुंबतो आणि पुढचा भाग कोरडा पडतो. घाव एकाएकी बसतो, आणि ज्या धमनीचा इलाका, तेवढाच भाग निकामी होतो. मोठी धमनी बंद झाली तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

मेंदूज्वरात पाइप बहुधा उघडाच असतो. बिघडतात ते सांधे आणि चावीवाला. मेंदूतल्या वाहिन्यांच्या अस्तरपेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे रक्तातलं वाटेल ते आत शिरत नाही. विषाणूशी लढताना शरीर जी दाहक रसायनं सोडतं, ती हेच सांधे सैल करतात. पाणी आणि प्रथिनं झिरपतात, पांढऱ्या पेशी भिंतींना चिकटून आत घुसतात, मेंदू सुजतो. कवटी काही ताणली जात नाही, म्हणून आतला दाब चढतो आणि रक्ताला वर चढणं जड जातं. रक्तदाब खालीवर झाला तरी पुरवठा सारखा ठेवायची वाहिन्यांची सवयही सुटते. त्यात फिट आली तर पेशींची मागणी दुप्पट-तिप्पट, आणि वॉल्व्ह मात्र हुकूम ऐकत नाही. गंमत अशी नव्हे, पण ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे: सुरुवातीला सुजलेल्या भागात रक्त उलट जास्तच वाहताना दिसू शकतं. पक्षाघातात तिथे दुष्काळ असतो.

सीमारेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते. नागीण आपण कातडीचा आजार समजतो, पण तिचा विषाणू चेतातंतूंवरून मेंदूच्या धमनीच्या भिंतीत जाऊ शकतो. भिंत सुजते, वाट अरुंद होते आणि खराच पक्षाघात होतो. डोळ्याभोवती नागीण उठल्यावर पुढचे काही आठवडे म्हणूनच जपावं लागतं. 1965 साली नागपूरकडे पहिल्यांदा सापडलेल्या चांदीपुरा विषाणूवरून 2003 च्या आंध्रातल्या साथीनंतर हाच वाद झाला. मुलांना मेंदूज्वर झाला होता असं अनेकांचं म्हणणं, तर तिथल्या काही डॉक्टरांच्या मते तो धमनीवरचाच आघात होता.

मावशीच्या एमआरआयमध्ये डाव्या कानशिलाआतला भाग उजळून दिसला. शब्द तिथेच अडत होते. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत नागिणीच्याच कुळातला हर्पिस विषाणू निघाला. डॉक्टरांनी मात्र रिपोर्टची वाट न पाहता असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध शिरेतून आदल्या रात्रीच सुरू केलं होतं, आणि मला ते फार योग्य वाटतं. उपचार न झाल्यास या आजारात सुमारे 70 टक्के रुग्ण दगावतात.

त्या रात्री डॉक्टर आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते: आधी ताप, की आधी बोलणं बिघडलं? आणि नक्की किती वाजता? मावसभावाने कॅलेंडरच्या चौकटीत तापाचे आकडे लिहिलेले होते. त्याने त्या पानाचा फोटो दाखवला.