मोरबेची पातळी, पावसाची बेरीज: मेट्रिकचे प्रकार आले कुठून?

पावसाळ्यात नवी मुंबईच्या बातम्यांत मोरबे धरणाचे दोन आकडे हमखास असतात. एक पाण्याची पातळी. ती चढते-उतरते, ८८ मीटरला धरण भरलं. दुसरा १ जूनपासूनचा एकूण पाऊस. तो फक्त वाढतो आणि पुढच्या जूनला शून्यापासून सुरू होतो. पहिला गेज, दुसरा काउंटर. ऐरोली-महापेच्या आयटी पट्ट्यात सर्व्हरचं मॉनिटरिंग सांभाळणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द दिवसभर असतात, आणि मेट्रिकचे, म्हणजे मोजलेल्या आकड्यांचे, हे प्रकार प्रोमिथियस या मॉनिटरिंग प्रणालीने आणले असं बऱ्याच जणांना वाटतं.

आणले नेटवर्कवाल्यांनी. नेटवर्कच्या उपकरणांकडून आकडे मागवणाऱ्या, १९८८ साली आलेल्या एसएनएमपी या प्रोटोकॉलमध्ये हे दोन्ही प्रकार होते. पोर्टमधून किती बाइट गेले ते काउंटर मोजायचा. ३२ बिट भरले, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ झाले, की पुन्हा शून्य. जुन्या विजेच्या मीटरमध्ये ९९९९९ नंतर ००००० यायचं तसं. १० मेगाबिटच्या लाइनवर याला ५७ मिनिटं लागत, गिगाबिटवर ३४ सेकंद. ट्रॅफिकचे ग्राफ काढणारं १९९५ च्या एमआरटीजीसारखं टूल दर पाच मिनिटांनी आकडा विचारायचं. तेवढ्यात गिगाबिटचा काउंटर आठ वेळा उलटून गेला तरी पत्ता नाही. त्यासाठीच ६४ बिटांचा काउंटर आला. असे आकडे साठवून ग्राफ काढणाऱ्या १९९९ च्या आरआरडीटूलमध्ये आकड्याचा प्रकार आधीच सांगावा लागे. राउटर रीस्टार्ट होऊन काउंटर शून्यावर आला की टूलला वाटायचं तो भरून उलटला, आणि ग्राफवर आभाळाला टेकलेला सुळका उभा राहायचा.

खरा घोळ २०११ मध्ये एट्सी या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने आणलेल्या, ॲपचे आकडे गोळा करणाऱ्या स्टॅट्सडीपासून. तिथे ॲप नुसतं ‘एक वाढव’ असं कळवतं; स्टॅट्सडी दहा सेकंदांची बेरीज पुढे पाठवतो आणि पाटी कोरी करतो. नाव काउंटरच, वागणं उलटं.

गूगलच्या बोर्गमॉन या अंतर्गत मॉनिटरिंग प्रणालीवरून प्रेरणा घेऊन २०१२ मध्ये साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत सुरू झालेला प्रोमिथियस पुन्हा वाढत्या बेरजेकडे वळला. मला हे शहाणपणाचं वाटतं: एखादं स्क्रेप (ठरावीक वेळाने आकडा वाचून नेणं) हुकलं तरी बेरीज शाबूत राहते. आकडा घसरला की प्रोसेस रीस्टार्ट झाली असं तो धरतो. म्हणून आधी प्रत्येक काउंटरचा रेट, म्हणजे वाढीचा वेग, मग बेरीज. आमच्याकडे एकाने उलटं केलं. चार पॉडचे (ॲपच्या चालू प्रतींचे) पाच-पाच लाख मिळून वीस लाख. रात्री एक पॉड पडला, बेरीज पंधरा लाखांवर आली. प्रोमिथियसने ती शून्यावरून पंधरा लाखांवर गेली असं धरलं, आणि ऑन-कॉलवरच्या पोराची झोप गेली.

हिस्टोग्राम आणि समरी हे प्रोमिथियसमधले उरलेले दोन प्रकार सरासरीच्या फसवेगिरीवरचे उतारे. ठाणे-वाशी लोकल नऊ वेळा वेळेवर आणि एकदा चाळीस मिनिटं उशिरा आली तर सरासरी चारच मिनिटं. लेटमार्क मात्र त्या एका दिवशी. समरी पर्सेंटाइल (म्हणजे समजा ९५ टक्के रिक्वेस्ट किती वेळाच्या आत संपल्या) ॲपमध्येच काढते, त्यामुळे चार सर्व्हरचे पर्सेंटाइल एकत्र करता येत नाहीत. हिस्टोग्राम वेळेचे टप्पे, म्हणजे बकेट, पाडून प्रत्येकात किती रिक्वेस्ट आल्या ते मोजतो; या बकेटांची बेरीज होते, कारण प्रत्येक बकेट शेवटी काउंटरच. फक्त बकेटांच्या सीमा आधी ठरवाव्या लागत. २०२२ च्या नेटिव्ह हिस्टोग्रामने ती कटकटही कमी केली.

एवढं होऊनही काउंटरसाठीचा रेट गेजवर लावला तर प्रोमिथियस अडवत नाही. नवी आवृत्ती फार तर नावाच्या शेवटी ‘टोटल’ नाही एवढं सुचवते, आणि आकडा देते.