कासदाहात गाईच्या पांढऱ्या पेशी नेमके काय करतात?

कासदाह (दगडी) ओळखण्याच्या सीएमटी या गोठ्यातल्या चाचणीत पॅडलच्या वाटीत दूध आणि द्रावण सारखेच, साधारण 3-3 मिलि घेऊन गोल फिरवले की रोगट सडाचे दूध 10 सेकंदांत चिकट होते आणि जेलीसारखे वाटीच्या तळाला धरते. ही जेली म्हणजे मुख्यतः गाईच्या पांढऱ्या पेशींचा डीएनए. द्रावणातला साबणी घटक पेशी फोडतो आणि आतला डीएनए बाहेर येऊन गुंततो. चाचणीत दिसते ती गाईची प्रतिक्रिया. जंतू कोणता आणि किती, हे तिला कळत नाही.

निरोगी सडाच्या 1 मिलि दुधात या पेशी साधारण 1 लाखाच्या आत असतात आणि त्यांत मॅक्रोफेज, म्हणजे कासेत पहारा देणाऱ्या भक्षक पेशी, बरेच असतात. आकडा 2 लाखांवर गेला की संसर्ग आहे असे धरतात. तीव्र दगडीत तो कोटीच्या घरात जाऊ शकतो. त्यातल्या 90 टक्क्यांहून अधिक पेशी न्युट्रोफिल असतात, म्हणजे रक्तातून नव्याने आलेल्या, जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी.

त्यांना बोलावणे कसे जाते, हे जंतूवर ठरते. शेणामातीतला ई. कोलाय हा जंतू कासेत शिरला, की त्याच्या भिंतीतले एलपीएस हे रसायन मॅक्रोफेज आणि दूधग्रंथींच्या पेशी टीएलआर-4 या ग्राहकाने ओळखतात. काही तासांतच आयएल-8 आणि टीएनएफ हे संदेश सुटतात. रक्तवाहिनीचे अस्तर चिकट होते, वाहते न्युट्रोफिल तिथे अडतात आणि फटीतून सरकत दुधात उतरतात. ताप, कडक कास, पिवळसर पाण्यासारखे दूध ही सारी याच गडबडीची लक्षणे. ग्रंथींमधले सांधे सैल पडून रक्तातले सोडियम आणि क्लोराइड दुधात झिरपतात, म्हणून दूध खारट लागते.

अस्तराला चिकटणे किती मोलाचे, ते होल्स्टीन गाईंच्या ब्लॅड या आनुवंशिक दोषात दिसते. सीडी-18 या प्रथिनात 128 व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेले असते. आईबाप दोघांकडून हा दोष आलेल्या वासराच्या रक्तात न्युट्रोफिल खच्चून भरलेले असतात, पण त्यांना वाहिनीबाहेर पडता येत नाही. वासरू साध्या साध्या संसर्गांनी खंगून मरते. म्हणूनच वीर्य केंद्रांवर वळूंची ब्लॅडसाठी तपासणी करतात.

कासेत पोचलेला न्युट्रोफिल जंतू गिळतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रसायनांनी मारतो. पण दूध ही त्याला अडचणीची जागा. स्निग्धांशाचे थेंब आणि केसिनही तो गिळत बसतो, शिवाय तिथे ग्लुकोज व ऑक्सिजन कमी. त्याची मारकशक्ती घटते. मरताना तो स्वतःच्या डीएनएचे जाळे फेकतो; हा डाव मात्र दुधातही चालतो. त्याची विकरे (एन्झाइम) दूधग्रंथींनाही जाळतात, आणि जळलेला भाग त्या वेतात तरी पूर्ण दूध देत नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे वागणे वेगळे, आणि गोठ्याचे खरे नुकसान हाच करतो असे आमचे मत. त्याच्याकडे एलपीएस नसते, त्यामुळे बोलावणे क्षीण जाते. त्याच्या काही वाणांचे विष गाईच्या न्युट्रोफिललाच भोक पाडते. काही जंतू ग्रंथींच्या पेशींत दडतात आणि भोवती गाठ बनते, जिथे प्रतिजैविक नीट पोचत नाही. जंतू दुधात सतत उतरत नाहीत, त्यामुळे एका नमुन्यात काही आले नाही तरी सड स्वच्छ समजू नये. काही दिवसांनी पुन्हा नमुना द्यावा. ई. कोलायची गोष्ट उलटी: लक्षणे दिसेपर्यंत न्युट्रोफिलनी बरेचसे जंतू मारलेले असतात, आणि जीव घेते ते एलपीएसचे विष. तिथे पशुवैद्यकाचा भर सलाइन व दाह कमी करण्यावर असतो.

विण्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन आठवडे सगळ्यांत नाजूक. वाढलेले कॉर्टिसोल (ताणाचे संप्रेरक), उतरलेले कॅल्शियम आणि किटोसिस (ऊर्जेच्या तुटीचा आजार) यांनी न्युट्रोफिल मंदावतात. कॅल्शियम कमी असले तर सडाचे तोंडही ढिले राहते. भाकड काळात रोज सुमारे 1000 आययू (आंतरराष्ट्रीय एकके) ई जीवनसत्त्व आणि खाद्याच्या किलोमागे 0.3 मिलिग्रॅम सेलेनियम लागते. सेलेनियम यापेक्षा वाढवू नये, फार जास्त झाले तर ते विषारी ठरते. विल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत चिकात पेशी मुळातच जास्त असतात, तेव्हा सीएमटी फसवते.

धार काढल्यावर सडाचे तोंड मिटायला अर्धा ते दोन तास लागतात. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाय उभी राहावी म्हणून पुढ्यात वैरण टाका. ऑरियस हाताने व यंत्राने पसरतो, तेव्हा त्या गाईची धार सर्वांत शेवटी. सडात जुन्या गाठी असतील तर सडात सोडायच्या औषधाच्या नळ्यांवर पैसे घालण्याआधी ती गाय ठेवायची की काढायची, हे ठरवून टाका.