एक्सएसएलटी लिहिताना स्कीमाची मदत : मागची गोष्ट

एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएलमधल्या माहितीचं वेबपेज किंवा दुसरं काही बनवायची भाषा, तिच्यात लिहिलेली फाइल म्हणजे स्टाइलशीट. आणि स्कीमा म्हणजे कुठला टॅग कुठं चालतो याची नियमावली, तिच्यावरून एडिटर चुका दाखवतो. एक्सएसएलटी १.० आलं नोव्हेंबर १९९९ ला. त्याच्या परिशिष्टात डीटीडीचा (स्कीमाचाच जुना प्रकार) एक तुकडा जोडलेला, पण तो बंधनकारक नाही असं तिथंच लिहिलेलं, कारण डीटीडीला नेमस्पेस (कुठला टॅग कुठल्या भाषेतला हे सांगणारी खूण) कळतच नाही. तरी एडिटरला सुचवण्यापुरता तो कामाचा होता.

खरी भानगड आउटपुटच्या टॅगांची. समजा सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे दर वेबपेजवर दाखवायचेत. एचटीएमएलचं टेबल, त्याच्या पोटात फॉर-ईच (प्रत्येक नोंदीसाठी हेच परत कर म्हणणारी एक्सएसएलटीची इन्स्ट्रक्शन), त्याच्या पोटात टीआर (टेबलाची एक ओळ). आता एचटीएमएलचा स्कीमा जसाच्या तसा लावला की तो म्हणणार टेबलात फॉर-ईच चालत नाही. कोलस्पॅनमधे (एक खाना किती रकाने व्यापतो तो आकडा) महिरपी कंसात व्हेरिएबल टाकलं तर तिथं आकडाच पाहिजे म्हणून लाल रेघ, आणि इमेजचा एसआरसी (चित्राचा पत्ता) आतून वेगळ्या इन्स्ट्रक्शननं भरला तर एसआरसी कुठाय म्हणून परत लाल रेघ. स्टाइलशीट मात्र अगदी बरोबर!

१९९९ च्या तुकड्यात यावर तोडगा असा की आउटपुटच्या टॅगांची यादी ज्याची त्यानं द्यायची. मग २००१ ला एक्सएमएल स्कीमा आला, त्याला नेमस्पेस कळायचं, आणि २००७ ला एक्सएसएलटी २.० सोबत जो स्कीमा दिला त्यात परक्या, म्हणजे आउटपुटच्या, टॅगांना ‘लॅक्स’ ठेवलं, म्हणजे व्याख्या सापडली तर तपासा नाहीतर सोडून द्या. यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आउटपुट काहीही असू शकतं, त्यामुळं सगळ्यांसाठीचा स्कीमा सैलच हवा हे मान्य. पण टीआरच्या जागी आरटी टाइप झालं तरी एडिटर गप्प बसणार, आणि दिवसभर स्टाइलशीट लिहिणाऱ्याला नेमकी तिथंच मदत पाहिजे असते. माझ्या मते तपासायचा स्कीमा आणि लिहिताना वापरायचा स्कीमा वेगळाच ठेवायला हवा होता.

ते जमतं रिलॅक्स एनजी या स्कीमा लिहायच्या दुसऱ्या भाषेत. हाही २००१ चाच. एचटीएमएलचं ग्रामर इन्क्लूड करायचं, आणि टेबलाच्या व्याख्येत टीआर किंवा एक्सएसएलटीची इन्स्ट्रक्शन एवढा एक पर्याय वाढवायचा, मूळ फाइलला हात न लावता. ईमॅक्स या एडिटरचा एनएक्सएमएल मोड टाइप करता करताच रिलॅक्स एनजीनं तपासतो, २००९ च्या ईमॅक्स २३ पासून तो आतच मिळतो.

२०१७ च्या एक्सएसएलटी ३.० मधे परिशिष्टात एक्सएमएल स्कीमा १.१ आणि रिलॅक्स एनजी दोन्ही दिलेत. सिलेक्टमधला एक्सपाथ (कुठली माहिती उचलायची ते सांगणारा मजकूर) मात्र स्कीमाच्या आवाक्याबाहेरच आहे, दराच्या फील्डचं नाव तिथं चुकलं तर स्कीमाला पत्ताही लागत नाही.